बेराच्या कागदापलीकडे

खानदेशात मूल ऐकतं की नाही याची पहिली तपासणी बहुतेक वेळा स्वयंपाकघरात होते. वर्ष-सव्वा वर्षाचं पोर हाकेला वळत नाही, अशी शंका आईच्या मनात येते. मग आजी मागून स्टीलच्या थाळीवर पळी आपटते. पोर वळतं आणि घरातले निर्धास्त होतात. थाळीचा आवाज, फरशीतून आलेला हादरा, भिंतीवर हललेली सावली की समोर बसलेल्या आईचे मोठे झालेले डोळे, यांतलं नेमकं काय त्या पोराला कळलं, हे कुणी विचारत नाही. शिवाय धीर द्यायला घरातलाच एखादा दाखला तयार असतो: "त्याना बाप बी उशिरा बोलना व्हता." साक्रीत हे अहिराणीतून ऐकू येतं, रावेर-यावलकडे लेवा बोलीतून, जळगाव शहरात प्रमाण मराठीतून. या दिलाशापायी किती मुलांचं वर्ष-दीड वर्ष गेलं, याची नोंद कुठल्याही रजिस्टरात नसते.

थाळी सगळंच खोटं सांगते असंही नाही. जन्मतः तीव्र बहिरेपण असलेल्या अनेक मुलांमध्ये थोडीफार श्रवणशक्ती शिल्लक असते, विशेषतः जाड, खर्जातल्या आवाजांसाठी. दिवाळीतला सुतळी बॉम्ब, वरातीतला डीजे, ट्रकचा हॉर्न हे सगळे नव्वद-शंभर डेसिबलच्या घरातले किंवा त्याहून मोठे. समोर बसलेल्या आईचं साधं बोलणं मात्र साठ डेसिबलच्या आसपासचं. आणि डेसिबलची पट्टी सरळ चढत नाही. दर १० डेसिबलला ध्वनीची तीव्रता दहापट होते. म्हणजे ६० आणि ९० यांच्यात दीडपटीचा नाही, हजारपटीचा फरक आहे. त्यामुळे फटाक्याला दचकणारं मूल 'ये', 'नको', 'पानी' यांतला एकही शब्द न ऐकता तीन वर्षांचं होऊ शकतं. डॉक्टरांनी शंका काढली की पालक हटकून हा फटाका पुढे करतात, आणि त्यात त्यांची चूक नसते. त्यांनी जे पाहिलं ते खरंच असतं.

इथून पुढचा रस्ता सरकारी दवाखान्याकडे, ईएनटी डॉक्टरांकडे आणि तिथून श्रवण मोजणाऱ्या ऑडिओलॉजिस्टकडे जातो. त्याच्या शेवटी असलेलं 'कॉक्लिअरचं ऑपरेशन' आता सगळ्यांच्या ऐकण्यात आहे. कानामागे प्रोसेसर आणि डोक्याला चुंबकाने चिकटलेली गोल चकती असलेलं मूल तालुक्याच्या गावातही दिसतं. तरीही इम्प्लांट म्हणजे मोठ्या ताकदीचं कानाचं मशीन, हा गैरसमज चांगल्या शिकलेल्या घरांतही आढळतो. मशीन आवाज मोठा करून कानातूनच आत पाठवतं. इम्प्लांटची रीत वेगळी आहे. बाहेरचा प्रोसेसर आवाजाचे विद्युत संकेत करतो, चकती ते त्वचेखालच्या भागाकडे पाठवते, आणि कॉक्लियात, म्हणजे आतल्या कानाच्या शंखासारख्या वळशात सरकवलेली बारीक तार श्रवणाच्या नसेला थेट चेतवते. त्या तारेवर कंपनीप्रमाणे १२, १६ किंवा २२ इलेक्ट्रोड असतात. चांगल्या कानात हेच काम सुमारे साडेतीन हजार आतल्या केशपेशी करत असतात. शिवाय तार आत जाताना मुलाची उरलीसुरली नैसर्गिक श्रवणशक्ती जाण्याची शक्यता असते. म्हणून साध्या मशीनवर भागणाऱ्या मुलाला इम्प्लांट बसवणं ही चूक, आणि भागत नसलेल्या मुलाला वर्षानुवर्षं मशीनवर ठेवणं ही त्याहून मोठी चूक. या दोन मुलांमधला फरक ओळखण्याचं शास्त्र हा या प्रस्तावनेचा विषय आहे.

इम्प्लांटच्या इतिहासात शल्यचिकित्सकांची आणि अभियंत्यांची नावं ठळक आहेत, ते योग्यच आहे. पॅरिसमध्ये १९५७ मध्ये द्जुर्नो आणि एरिएस यांनी एका बहिऱ्या माणसाची श्रवणाची नस विजेने चेतवली. लॉस एंजेलिसच्या विल्यम हाउस यांनी १९६१ मध्ये पहिले रोपणाचे प्रयत्न केले. व्हिएन्नात होखमायर दांपत्याने १९७७ मध्ये आणि मेलबर्नमध्ये ग्रॅमी क्लार्क यांनी १९७८ मध्ये अनेक इलेक्ट्रोडची तार प्रत्यक्ष रुग्णात बसवली. क्लार्क यांचे वडील औषधविक्रेते होते आणि त्यांना नीट ऐकू येत नसे. दुकानातली त्यांची ओढाताण मुलगा लहानपणापासून पाहत होता. भारतात हे काम रुजवणाऱ्यांत चेन्नईचे डॉ. मोहन कामेश्वरन आणि मुंबईचे डॉ. मिलिंद कीर्तने यांची नावं घ्यावी लागतात. दोघांनाही पद्मश्री मिळाली आहे. ऑपरेशन झालं की वर्तमानपत्रात फोटो येतो. त्याआधी सहा महिने एका बंद खोलीत ऑडिओलॉजिस्ट त्या मुलापुढे खुळखुळे, रिंगा आणि ठोकळे घेऊन बसलेला असतो. त्याचा फोटो कुणी काढत नाही. निर्णय मात्र त्या खोलीत झालेला असतो.

त्या खोलीतल्या चाचण्यांचे ढोबळ मानाने दोन प्रकार. काहींमध्ये मुलाला काहीच करावं लागत नाही. कान, नस आणि मेंदू परस्पर उत्तर देतात. काहींमध्ये मुलाने स्वतः उत्तर द्यायचं असतं. खानदेशातल्या पालकांच्या फाइलमध्ये पहिल्या प्रकारचे कागद असतात, दुसऱ्या प्रकारचे फार कमी. या लेखनाचा रोख त्या असमतोलावर आहे.

पहिल्या प्रकारातली सगळ्यात सोपी चाचणी ओएई. तिच्यामागची गोष्ट मजेदार आहे. १९४८ मध्ये थॉमस गोल्ड या तरुण शास्त्रज्ञाने केंब्रिजमध्ये असं मांडलं की कान हा नुसता आवाज पकडणारा पडदा नाही. आत कुठेतरी आवाज वाढवणारी जिवंत यंत्रणा असली पाहिजे, आणि तसं असेल तर कानातून बारीक आवाज बाहेरही येत असला पाहिजे. कानातून आवाज बाहेर येतो म्हटल्यावर कोण ऐकणार! तीस वर्षांनी, १९७८ मध्ये, लंडनच्या डेव्हिड केम्प यांनी कानाच्या नळीत संवेदनशील मायक्रोफोन ठेवून तो आवाज मोजून दाखवला. आज नवजात बाळाच्या कानात रबरी बोंडी बसवून काही मिनिटांत जी तपासणी होते ती याच आवाजाची. यंत्र 'पास' किंवा 'रेफर' म्हणतं. रेफर म्हणजे बहिरेपण नव्हे. कानात मळ असेल, जन्मानंतरचा ओलावा असेल, बाळ रडत असेल तरी रेफर येतं. पुन्हा तपासा, एवढाच त्याचा अर्थ. पण बाळंतीण डिस्चार्ज घेऊन माहेरी जाते, 'पुन्हा' राहून जातं, आणि मूल दोन वर्षांचं झाल्यावर तोच कागद कपाटातून निघतो.

मग येते बेरा. या भागात पालकांच्या तोंडी सर्वांत जास्त असलेलं नाव हेच. "बेरा झाली का?" असं प्रतीक्षेतल्या बाकावरच्या बाया एकमेकींना विचारतात, जणू लस झाली का विचारावं. ज्युएट आणि विलिस्टन या अमेरिकी संशोधकांनी १९७१ मध्ये या चाचणीतल्या लाटांचं नीट वर्णन केलं आणि त्यांना रोमन आकडे दिले. आजही ऑडिओलॉजिस्ट 'पाचवी लाट' शोधतो ती त्या हिशेबाने. मुलाच्या कपाळावरची आणि कानामागची त्वचा जेलने घासून स्वच्छ करतात, तिथे इलेक्ट्रोड चिकटवतात, कानात बोंडी घालतात आणि 'टक-टक' असे आवाज सोडतात. प्रत्येक आवाजानंतरच्या जेमतेम १० मिलिसेकंदांत नसेपासून मेंदूच्या देठापर्यंत काय घडलं ते यंत्र टिपतं. हा संकेत एक मायक्रोव्होल्टपेक्षाही लहान. मेंदूच्या बाकीच्या विद्युत गलबल्यात तो बुडून जातो. म्हणून दोन-दोन हजार टकटकींची सरासरी काढावी लागते. गलबला एकमेकांना खोडतो, उत्तर तेवढं उरतं. चांगल्या कानात मोठ्या आवाजाला सहाव्या मिलिसेकंदाच्या अलीकडे-पलीकडे पाचवी लाट उभी राहते. मग आवाज पायरी-पायरीने कमी करत जायचं आणि ती कुठे नाहीशी होते ते पाहायचं.

यासाठी मूल झोपलेलं हवं. इथेच गंमत होते. "रात्री उशिरापर्यंत जागवा, पहाटे लवकर उठवा, वाटेत झोपू देऊ नका," अशी सूचना मिळते. चोपड्याहून जळगावला किंवा शिरपूरहून धुळ्याला येणाऱ्या एसटीत पहाटेच्या वाऱ्यावर मूल झोपणार नाही तर काय करणार? दवाखान्यात पोचेपर्यंत त्याची झोप पूर्ण झालेली असते, आणि केबल पाहून ते आकांत मांडतं. डॉक्टरांच्या देखरेखीत झोपेचं सिरप द्यावं लागतं, कधी तेही उतरतं, आणि एका कानाची तपासणी झाली की मूल उठून बसतं. पुढची तारीख महिन्यानंतरची. त्यात खोलीचं अर्थिंग नीट नसेल, भिंतीपलीकडे पाण्याची मोटर चालू असेल, कुणाचा मोबाइल जवळ असेल तर आलेखात नुसती झालर दिसते. अशा झालरीवर निर्णय घ्यायचा नसतो. चांगला ऑडिओलॉजिस्ट कागदावर 'पुन्हा करावी' असं लिहितो, आणि दोनशे रुपये भाडं खर्चून आलेल्या माणसाचा राग सोसतो.

आता बेरा नीट झाली आणि ९० डेसिबललाही पाचवी लाट आली नाही असं समजू. घरी गेल्यावर पालक सांगतात, "झिरो ऐकू येतं." हा पहिला चकवा. कागद तसं म्हणत नाही. टकटकीचा आवाज प्रामुख्याने २ ते ४ हजार हर्ट्झ पट्ट्यातलं उत्तर जागवतो. त्याखालच्या जाड आवाजांबद्दल ही चाचणी जवळजवळ गप्प असते. आवाजाच्या एकेका पट्टीचं उत्तर हवं असेल तर टोन-बर्स्ट बेरा किंवा एएसएसआर करावी लागते. एएसएसआरमध्ये ५०० ते ४००० हर्ट्झपर्यंतचा अंदाज मिळतो आणि बेराच्या मर्यादेपलीकडच्या मोठ्या आवाजालाही उत्तर तपासता येतं. शिवाय वेळेआधी जन्मलेल्या बाळाचा मेंदूचा देठच पुरता पिकलेला नसतो. त्याची बेरा काही महिन्यांनी बदलू शकते.

दुसरा चकवा कावीळ झालेल्या बाळांचा. जन्मानंतर कावीळ फार चढली, श्वास कोंडला, बरेच दिवस अतिदक्षता विभागात काढले, अशा काही मुलांमध्ये ओएई उत्तम येते आणि बेरा सपाट. म्हणजे बाहेरच्या केशपेशी शाबूत, पण पुढे नसेकडे जाणारा निरोप विस्कटलेला. याला ऑडिटरी न्यूरोपथी म्हणतात. प्रसूतीनंतर फक्त ओएई करून 'पास' सांगितलेलं हे मूल चाळणीतून निसटतं. म्हणूनच अतिदक्षता विभागातल्या बाळांची पहिली तपासणीसुद्धा बेरा पद्धतीने व्हावी, असं जगभरच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. या मुलांपैकी काहींना इम्प्लांटचा चांगला उपयोग होतो, काहींना होत नाही, आणि काहींची स्थिती पहिल्या वर्षात आपोआप सुधारते. इथे घाई करणारा तज्ज्ञ धोकादायक, आणि दिरंगाई करणाराही.

तिसरा चकवा अगदी साधा आहे. सर्दीने मधल्या कानात चिकट पाणी साठलेलं असेल तर तीसेक डेसिबलची भर त्यातच पडते. टिम्पॅनोमेट्री नावाची मिनिटाभराची तपासणी ते दाखवते. ती न करता केलेली बेरा म्हणजे डोळ्यावरची पट्टी न काढता चष्म्याचा नंबर काढणं.

दुसऱ्या प्रकारच्या चाचण्यांना यंत्र कमी आणि माणूस जास्त लागतो. सहा महिन्यांच्या पुढच्या बाळाला आईच्या मांडीवर बसवतात. स्पीकरमधून आवाज आला की बाजूच्या काळ्या काचेत दिवा लागतो आणि खेळण्यातलं माकड झांजा वाजवतं. दोन-चारदा असं झालं की बाळ आवाज आल्याबरोबर माकडाची वाट पाहत मान वळवतं. अडीच-तीन वर्षांच्या मुलासोबत वेगळा खेळ असतो. हातात रंगीत रिंग धरून ती गालाजवळ न्यायची, थांबायचं, आवाज आला की खुंटीत टाकायची. मुलाला शब्दांनी काही समजावता येत नाही, कारण शब्द त्याच्याकडे नाहीतच. मग ऑडिओलॉजिस्ट आधी मोठा ढोल वाजवून, त्याचा हात ढोलावर ठेवून 'आता टाक' हे शिकवतो. मूल शिकतं आणि मग आपल्या मनानेच रिंगा टाकत सुटतं. पुन्हा पहिल्यापासून. एका बैठकीत चार आकडे मिळाले तरी पुष्कळ. पण हे चार आकडे सोन्यासारखे, कारण कान, नस आणि मेंदू यांच्या पुढे जाऊन मुलाने स्वतः 'ऐकलं' असं सांगितलेलं असतं. बेरा सपाट आणि रिंग ९० डेसिबलला खुंटीत, असंही होतं. तेव्हा यंत्र चुकलं की मूल, असा वाद घालायचा नसतो. दोन्ही पुन्हा करायच्या असतात.

आणि ही खोली कशी असते? आवाज बाहेरून येऊ नये म्हणून भिंतींना जाड अस्तर, खिडकी नाही, दार घट्ट. पंखा लावायचा नाही, त्याचा आवाज होतो. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा पंचेचाळिशी गाठतो तेव्हा या खोलीत घामाघूम झालेल्या मुलाकडून वीस मिनिटं लक्ष मागायचं असतं. एसी असला तरी मोजणी सुरू असताना बंद ठेवावा लागतो. मुंबईच्या पाठ्यपुस्तकात हा परिच्छेद नसतो. इथल्या ऑडिओलॉजिस्टला मात्र मुलांच्या वेळा सकाळी आठ-नऊच्या ठेवाव्या लागतात, आणि लांबच्या पाड्यांवरून येणारी मुलं नेमकी दुपारी पोचतात.

यानंतरचा टप्पा पालकांना सगळ्यांत नकोसा वाटतो: मशीनची ट्रायल. योग्य ताकदीची दोन्ही कानांची मशीनं लावून साधारण तीन ते सहा महिने रोज वापरायची, सोबत थेरपी घ्यायची आणि मशीनसकट पुन्हा श्रवण मोजायचं. बोलण्यातले सगळे ध्वनी ऑडिओग्रामवर, म्हणजे श्रवणाच्या आलेखावर, मांडले की एका वाकड्या पट्ट्यात बसतात; 'म', 'उ' डावीकडे जाड स्वरांकडे, 'स', 'श' उजवीकडे बारीक स्वरांकडे. जगभरचे ऑडिओलॉजिस्ट या आकाराला 'स्पीच बनाना' म्हणतात. रावेर-यावलच्या पालकांना हे केळ समजावून सांगण्याची गरज पडत नसावी. मशीन लावून मुलाची उत्तरं या पट्ट्यात आली तर मशीनवर भाषा उभी राहू शकते. खर्जाचे आवाज आत आले आणि 'स', 'श', 'ट' बाहेरच राहिले, तर इम्प्लांटचा विचार पक्का होतो. ब्रिटनमध्ये २०१९ मध्ये इम्प्लांटसाठीची मर्यादा ९० डेसिबलवरून ८० वर आणली गेली. पूर्वी 'मशीनवर भागेल' म्हणून परत पाठवलेली माणसं त्यानंतर पात्र ठरली. रेषा कुठे ओढायची हे अनुभवाने बदलतं, निसर्गाने ठरवून दिलेलं नसतं.

खानदेशात ही ट्रायल बिघडते ती मोल्डमुळे. मशीनचा आवाज कानात नेणारा हा मऊ साचा मुलाच्या कानाच्या मापाचा लागतो, आणि लहान मुलाचा कान काही महिन्यांत वाढतो. साचा सैल झाला की मशीन शिट्टी मारतं, आई आवाज कमी करते, शेवटी मशीन डब्यात जातं. नवा साचा येईपर्यंत पंधरा दिवस, महिना. उन्हाळ्यात घामाने नळीत पाणी. दिवाळीनंतर साक्री, शिरपूर आणि नंदुरबारकडची कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत जातात. तिथे बॅटरी संपली की विषय संपला. सहा महिन्यांनी फाइलवर लिहिलं जातं, 'मशीनचा फायदा नाही'. फायदा नाही की वापरच झाला नाही? या प्रश्नाचं उत्तर बेराच्या कागदावर नसतं. ते आईशी सावकाश बोलल्यावर मिळतं. त्यासाठी ठरावीक प्रश्नावल्या आहेत: मूल नावाला वळतं का, कुकरची शिट्टी ओळखतं का, मशीन काढल्यावर मागतं का. आईही कधी आशेपोटी सगळ्याला 'हो' म्हणते, आणि 'फायदा होतो म्हटलं तर ऑपरेशन मिळणार नाही' हे कुणी कानात सांगितलं असेल तर सगळ्याला 'नाही'. अनुभवी माणूस हे दोन्ही ओळखतो.

स्कॅन आणि रक्ताच्या तपासण्या इथे भरभर ओलांडायला हरकत नाही, दोन गोष्टी सोडून. एमआरआय पाहतो ती श्रवणाची नस. ती नसेल तर कॉक्लियात तार टाकून काही हाती लागत नाही, आणि हे 'नाही' ऑपरेशनच्या आधी कळणं फार गरजेचं. दुसरी गोष्ट ईसीजी. "कानाच्या ऑपरेशनला हृदयाचा कागद कशाला?" हा प्रश्न रास्त आहे. जन्मतः बहिरेपणासोबत हृदयाच्या ठोक्याचा एक दुर्मीळ आनुवंशिक दोष येऊ शकतो. तो माहीत नसताना भूल दिली तर जीवावर बेतू शकतं. साधा ईसीजी तो दाखवतो.

या सगळ्या सबुरीला एक मोठा अपवाद आहे. मेंदूज्वरानंतर ऐकू येईनासं झालं तर कॉक्लियाच्या आत हाड तयार होऊ लागू शकतं, कधी काही आठवड्यांतच. मग तार घालायला जागा उरत नाही. अशा रुग्णाला तीन महिने मशीनची ट्रायल सांगणं म्हणजे संधी घालवणं. जिल्ह्याच्या पातळीवर मेंदूज्वरातून बऱ्या झालेल्या प्रत्येक रुग्णाची श्रवणतपासणी सुट्टी देण्याआधीच व्हायला हवी.

मोठ्या माणसांची गोष्ट वेगळी. भाषा आधीच पक्की झालेली असते आणि नंतर कान जातो: मेंदूज्वराने, अचानक आलेल्या बहिरेपणाने, किंवा औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगासाठी दिलेल्या कानामायसिनसारख्या इंजेक्शनांनी. यांच्यासाठी डेसिबलपेक्षा शब्द महत्त्वाचा. मशीन लावून, ओठ न दाखवता, शब्द आणि वाक्यं ऐकवतात. माणसाने जसंच्या तसं म्हणून दाखवायचं. शब्दयाद्या प्रमाण मराठीतल्या. आता ऑडिओलॉजिस्ट 'डोळा' म्हणतो आणि यावलचा शेतकरी उत्तर देतो, 'डोया'. 'पाणी'ला 'पानी'. हे बरोबर धरायचं की चूक? त्याने ऐकलं अगदी अचूक, पण म्हटलं आपल्या जिभेने. पुण्या-मुंबईत शिकलेल्या नव्या तपासनिसाने चुकीची फुली मारली तर माणसाची श्रवणशक्ती कागदावर आहे त्यापेक्षा वाईट दिसते, आणि नको ते ऑपरेशन पुढे सरकू शकतं. २०११ च्या जनगणनेत खानदेशी मातृभाषा नोंदवणाऱ्यांची संख्या १८ लाखांच्या वर आहे. सातपुड्यातल्या पावरा आणि भिली बोलणाऱ्या घरांची गोष्ट तर याहून पुढची. त्यांच्यासाठी 'मराठीतली चाचणी' हीच मुळात दुसऱ्या भाषेतली चाचणी ठरते. बोलीतल्या याद्या तयार होणं हे भाषाप्रेमाचं नव्हे, वैद्यकीय अचूकतेचं काम आहे.

मुलांच्या बाबतीत या साऱ्याला घड्याळ लावलेलं आहे. संशोधक अनू शर्मा यांनी अमेरिकेत इम्प्लांट झालेल्या मुलांच्या मेंदूतल्या श्रवणलाटा मोजल्या आणि २००२ मध्ये दाखवून दिलं की साधारण साडेतीन वर्षांच्या आत इम्प्लांट झालं तर मेंदूचं उत्तर वयानुरूप होऊ शकतं. सात वर्षांनंतर बहुतेकांत ते तसं होत नाही. अमेरिकेत २०२० पासून ९ महिन्यांच्या बाळालाही परवानगी आहे. जगभर मान्य असलेला क्रम असा: पहिल्या महिन्यात चाळणी तपासणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपचाराला सुरुवात. आपल्याकडे शंका दीड वर्षाला, बेरा दोन वर्षांना, मोल्ड सव्वादोन वर्षांना आणि एमआरआयची तारीख अडीच वर्षांना असा क्रम लागला, तर त्यात कुणा एकाचा गुन्हा दाखवता येत नाही. प्रत्येक टप्प्यावर महिना-दोन महिने गळतात, एवढंच.

पैशांची वाट पूर्वीइतकी बंद नाही. दिव्यांगांना साहाय्यक साधनं देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेच्या २०१४ मधल्या सुधारित नियमांत एका मुलामागे ६ लाख रुपयांपर्यंत इम्प्लांटचा खर्च मान्य झाला. जन्मतः बहिऱ्या मुलासाठी वयाची मर्यादा ५ वर्षं. मुंबईच्या वांद्र्यातली १९८३ मध्ये सुरू झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था या कामाची प्रमुख यंत्रणा आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यात, पालघरला सुरू झाला. त्याची पथकं अंगणवाडीतल्या मुलांना वर्षातून दोनदा तपासतात आणि जन्मजात बहिरेपण त्यांच्या यादीत आहे. योजना आहेत, तर मग अडतं कुठे? पुष्कळदा कागदांच्या गोंधळात. दिव्यांग प्रमाणपत्रासाठीही बेरा लागते आणि इम्प्लांटसाठीही, म्हणून पालक एकच कागद दोन्हीकडे नेतात. २०१६ च्या कायद्यानुसार दोन्ही कानांत बोलण्याच्या पट्ट्यात ७० डेसिबलचं नुकसान असलं की व्यक्ती कर्णबधिर धरली जाते. प्रमाणपत्राला किती गेलं ते हवं असतं. इम्प्लांटच्या निर्णयाला किती उरलं आणि कुठल्या पट्टीत उरलं ते हवं असतं. टक्केवारीचं कार्ड हातात आलं की तपासणी संपली, असं मानणारी घरं इथे कमी नाहीत.

जळगावला २०१८ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, धुळ्याचं श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय त्याच्या कितीतरी आधीचं. इम्प्लांटची शस्त्रक्रिया दोन-तीन तासांची आणि आयुष्यात बहुधा एकदाच करायची. तिच्यासाठी जळगावहून रेल्वेने सव्वाचारशे किलोमीटर मुंबई गाठणं परवडतं. तपासणी मात्र दहा-बारा खेपांची असते, आणि ऑपरेशननंतरचं मॅपिंग (प्रोसेसरची मुलागणिक जुळवणी) आणि थेरपी वर्षानुवर्षांची. मोलमजुरी करणाऱ्या माणसाची प्रत्येक खेप म्हणजे बुडालेला रोज. त्यामुळे ऑपरेशन थिएटर खानदेशात व्हावं या मागणीआधी शांत खोली, अनुभवी ऑडिओलॉजिस्ट आणि आठ दिवसांत मोल्ड करून देणारा तंत्रज्ञ या दोन शहरांत पक्का असावा, ही मागणी व्हायला हवी. तिला मिरवणुकीत जागा नाही, पण उपयोग तिचाच जास्त.

इम्प्लांट नाकारणारे पालकही असतात, आणि स्वतः कर्णबधिर असलेल्या अनेकांना खुणांच्या भाषेत वाढलेलं मूल 'अपुरं' मानणं मान्य नाही. ते मत ऐकून घेण्यासारखं आहे. नस नसलेल्या, उशिरा आलेल्या किंवा थेरपीला पोचू न शकणाऱ्या मुलासाठी खुणांची भाषा हा उरलेला पर्याय म्हणून देण्यापेक्षा पहिल्या दिवसापासून शिकवण्याची गोष्ट आहे. तपासणीच्या काळातही. निदान होईपर्यंतचं वर्ष मुलाने कुठल्याच भाषेशिवाय का काढावं, याला वैद्यकीय कारण नाही.

पुढच्या पानांमध्ये एकेक चाचणी सविस्तर येईल: यंत्र काय करतं, मूल काय करतं, कागदावर काय लिहिलं जातं आणि पालकांनी कोणता प्रश्न विचारावा. क्रम खर्चाचा किंवा यंत्राच्या किमतीचा ठेवलेला नाही. सुरुवात कानातला मळ पाहण्यापासून आणि टिम्पॅनोमेट्रीपासून आहे, मग ओएई, मग बेरा, मग रिंगांचा खेळ, मग मशीनची ट्रायल. ज्या पालकांच्या हातात आज फक्त बेराचा कागद आहे त्यांनी त्यावर तीन गोष्टी आधी पाहाव्यात: तारीख, त्या दिवशीचं मुलाचं वय, आणि दोन्ही कानांचे आलेख वेगवेगळे आहेत की एकाच कानाची तपासणी झाली आहे. कागद सहा महिन्यांहून जुना असेल किंवा एकच कान असेल, तर मोठ्या शहराचं तिकीट काढण्याआधी जिल्ह्याच्या ठिकाणी चाचणी पुन्हा करून घ्यावी. मुंबईत गेल्यावर तेच सांगतात.